हनुमान पैलवानाचं आर्ग्युमेंट

बीडजवळच्या पालीच्या पुढे, धरणाच्या अंगाला जी वस्ती आहे तिथं एखादं पोर जेवायला रडलं की आई म्हणायची, "बलवू का हनुमान पैलवानाला?" आणि ताट रिकामं व्हायचं. खरं म्हणजे हनुमाननं कुणाच्या पोराला कधी बोट लावलं नव्हतं. उलट तो पोरांना गाडीतून देवळापर्यंत चक्कर मारून आणायचा, कैऱ्यांच्या दिवसांत खिसे भरून कैऱ्या वाटायचा. पण त्याचे हात सगळ्यांना ठाऊक होते. मुसळासारखी मनगटं, मातीनं आणि मारामारीनं चपटी झालेली बोटं, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं.

तरुणपणी तो जत्रांतून कुस्त्या करायचा. नारळाच्या कुस्तीपासून चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत गेला आणि एका जत्रेत समोरच्याला उचलताना त्याचा डावा खांदा निखळला. खांदा बसला, पण कुस्ती सुटली. मग मोहनरावांनी त्याला ठेवून घेतलं. मोहनरावांना सगळा मुलूख आप्पा म्हणतो. जमीन मोप, पंचायतीत शब्द त्यांचा, आणि लग्न असो की मयत, आप्पा आल्याशिवाय पुढचं काही हलत नसे.

आप्पांकडे हनुमानला दोन कामं होती. एक गाडी चालवायची. दुसऱ्याला नाव नव्हतं. आप्पांच्या विरोधात गेलेल्या माणसाला शेतातल्या राहत्या बंगल्यावर बोलावणं जायचं. त्याला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. आप्पा त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे, मुलीचं कुठं जमलं का विचारायचे. हनुमान खुर्चीमागं उभा असायचा. पाहुण्यानं कप खाली ठेवला की आप्पा म्हणायचे, "बरं, झालं बोलून," आणि उठून आत जायचे. पुढचं ते कधी डोळ्यांनी बघायचे नाहीत. त्या भागात अजूनही कुणी चहा फार सावकाश प्यायला लागला की लोक म्हणतात, "का रं, आप्पाचा चहा हाय का?"

नाथा नावाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस असाच आला होता. निवडणुकीत त्यानं दुसऱ्या पॅनेलची माणसं मतदानाला नेली होती. चहा संपला तरी त्यानं कप खाली ठेवलाच नाही, दोन्ही हातांत धरून बसून राहिला. शेवटी हनुमाननंच तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि फुटू नये म्हणून भिंतीकडेला ठेवला. मग पहार घेतली. नडगी मोडली तेव्हा नाथा ओरडला नाही. "आगं आई" एवढंच म्हणाला, हळू, घरात म्हणावं तसं.

घरी आल्यावर वनमाला, हनुमानची बायको, काही विचारायची नाही. चुलीवर पाणी ठेवायची आणि म्हणायची, "आधी आंघूळ करा, मंग भाकरी." बाकीच्या दिवशी हातपाय धुतले की भाकरी मिळायची. आंघोळ सांगितली म्हणजे तिला कळलेलं असायचं.

आप्पांची मुलगी सायली बीडला कॉलेजात जायची आणि कॉलेजनंतर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका वरच्या मजल्यावर इंग्रजी वादविवादाच्या क्लासला. हनुमान तिला सोडायचा आणि आणायचा. क्लासच्या सरांचा एक नियम होता. विरोधकाला खोडून काढायच्या आधी त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, त्यानं "हो, हेच" म्हटलं की मगच आपलं तोंड उघडायचं. याची तालीम करायला समोर कुणीतरी लागतं. गाडीत हनुमानशिवाय कुणी नव्हतं.

"मामा, आज तुम्ही शिक्षेच्या बाजूनं."

"कुनाच्या शिक्षेच्या?"

"कुणाच्याच नाही. तत्त्व म्हणून."

"तत्त्वाला कुठं शिक्षा देतेत, ताई?"

सायली हसायची, पण सोडायची नाही. तिला शब्द पाठ करायचे होते आणि ते दुसऱ्याला समजावल्याशिवाय पाठ होत नाहीत हे तिला उमगलं होतं. प्रिमाइस म्हणजे काय, तर ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं असतं ते. ते काढून घेतलं की वरचं सगळं कोसळतं.

"म्हंजी पाय," हनुमान म्हणाला. "पट काढला की गडी आपसूक पडतो. वरनं कितीका धिप्पाड असंना."

"आणि रिबटल म्हणजे उत्तर. पण नुसतं उत्तर नाही, त्याच्या मुद्द्यालाच लागू होणारं."

"तोड. प्रत्येक डावाला तोड असती."

"कन्सीड म्हणजे समोरच्याचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करायचं."

"पाठ टेकायची?"

"नाही हो. तेवढंच मानायचं. कुस्ती चालूच."

हे त्याला पटेना. दोन गावं मागं गेली. मग एकदम म्हणाला, "हां, हाय. एक पकड सोडायची, दुसरी नीट धरायला."

असे शब्द त्याच्या तोंडी बसत गेले. उच्चार त्याचे होते, पण वापर चुकत नसे. घरी तो वनमालाला म्हणायचा, "तुझं असम्प्शन हाय की मी दूध आणलं." ती म्हणायची, "माझं काय बी हाय, दूध कुठंय?"

एका दिवशी सायलीनं दोन शब्द एकत्र काढले. "समजा एकानं दुसऱ्याला मारलं. मारणं योग्यच होतं हे दाखवलं तर ते जस्टिफाय. आणि मारणं चूकच, पण त्याचा नाइलाज होता, म्हणून त्याला दोष कमी द्या, असं म्हटलं तर ते एक्स्क्यूज."

गाडी गतिरोधकावरून तशीच उडाली. सायलीचं डोकं टपाला लागलं.

"आन् मालकानं सांगितलं म्हनून मारलं आसंल तर?" हनुमाननं विचारलं.

सायलीला बापाच्या बंगल्यावर काय चालतं ते माहीत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "एक्स्क्यूज," ती म्हणाली. "आणि तेही थोडंच, मामा."

"बरं."

त्या दिवशी त्याच्या हातून काहीच झालं नव्हतं, तरी घरी आल्यावर तो वनमालाला म्हणाला, "पाणी तापव." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि पाणी ठेवलं.

धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा, ज्वारी टाकतात. पण पाण्यापर्यंत एक पट्टा मोकळा सोडायचा, अशी तिथली जुनी रीत होती. मेंढ्या पाण्यावर जायची ती वाट. धुळाजी आणि त्याच्याआधी त्याचा बाप त्याच वाटेनं कळप नेत आले होते. त्या वर्षी आप्पांचा पुतण्या प्रविण यानं तो पट्टाही नांगरला. धुळाजीचा मुलगा अंगद नेहमीसारखा कळप घेऊन उतरला, आणि मेंढ्यांना काय, जुनी वाट आणि नवा हरभरा दोन्ही सारखेच.

प्रविणबरोबर सुग्रीव होता. सुग्रीव हा हनुमानच्या हाताखाली तयार झालेला गडी, तालमीतही आणि बंगल्यावरही. त्याच्याकडं कुऱ्हाड होती. पहिला घाव एका गाभण मेंढीच्या पाठीवर बसला. ती मागचे पाय ओढत चिखलातून फिरली, तिच्याभोवती कळप गोल गोल धावायला लागला. दुसरा घाव एका मेंढ्याच्या मानेवर. गाळ ओला होता, रक्त जिरेना, वरच थांबलं. अंगदनं काठी फिरवली. ती सुग्रीवला लागायची, तो खाली वाकला आणि मागं उभ्या प्रविणच्या कपाळावर बसली. कातडी सोलून भुवईवर आली. प्रविण आंधळ्यासारखा हात हलवत पाण्यात जाऊन पडला.

हनुमान तेव्हा सायलीला घेऊन बीडला होता. परत आला तर आप्पा ओसरीवर बसले होते.

"उद्या सकाळी धुळाजी पोराला घेऊन येतोय," ते म्हणाले. "ज्या हातानं काठी उचलली तो हात. कोपरापासनं. पुन्हा काठी धरता येऊ नये."

धनगराचा हात. काठीवाचून कळप हलत नाही. हनुमाननं मान हलवली, आजवर हलवली होती तशी. पण संध्याकाळी क्लासमधली पुस्तकं गाडीत राहिली म्हणून सायली आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमी सांगून बघा आप्पांला."

"मी बोलले तर उद्यापासून माझं कॉलेज बंद, मामा."

"मंग एक सांगा. समोर आप्पा आसले तर रिबटल करता येतंय का?"

सायलीला दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला स्पर्धेला जायचं होतं. सरांचं वाक्य तिच्या ओठावर तयार होतं. "वादात समोर कोण आहे ते बघायचं नसतं. म्हणणं बघायचं."

क्लासमध्ये ते खरंच होतं.

सकाळी धुळाजी आला. डोक्याला धुतलेलं मुंडासं, पोराच्या पाठीवर हात. त्याला वाटत होतं की आप्पा दोन शिव्या देतील, एक मुस्काटात मारतील आणि मिटेल. अंगदची आई अंजना फाटकाबाहेर बसून राहिली, तिला आत घेतलं नाही. अंगदला खुर्ची दिली. चहा दिला. खुर्ची आणि चहा कशाचे हे कळल्यावर धुळाजी पुढं झाला.

"आप्पा, पोरगं लहान हाय. माझा हात घ्या."

"तुझ्या हातानं काय केलंय? बस." आप्पांनी अंगदकडं वळून विचारलं, "मेंढरं किती हायत आता?"

अंगदनं चहाला तोंड लावलं नव्हतं. हनुमान मागं उभा होता आणि त्याला पोराच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती.

"आप्पा, एक इचारू?" तो म्हणाला.

खुर्चीमागचा माणूस आजवर कधी बोलला नव्हता. आप्पा हसले. "इचार की."

"तुमचं म्हननं आधी मी सांगतो. बरूबर हाय का ते तुमी सांगा. जमीन प्रविणदादानं नांगरली, बी त्यानं टाकलं, घाम त्याचा. घाम गाळनाऱ्याचं पीक राखलंच पायजे. दुसरं, काठी डोक्यात बसली. आज कातडं गेलं, उद्या जीव गेला आसता. तिसरं, याला सोडलं तर उद्या कोनबी उठंल आन् काठी उचलंल. मग गावाला गाव म्हनता येनार न्हाई. हेच ना?"

"हेच!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आरं, माझ्यापेक्षा चांगलं बोलला की बे."

"आता ह्यातलं मी काय कन्सीड करतो—"

"उस्ताद काय करतेत?" सुग्रीव म्हणाला, आणि ओसरीवरची माणसं खदाखदा हसली.

"डोक्यात काठी घालनं चूक. ते मानलं. आता तुमचा पाया बगू. जो हात उठला तो मोडायचा, हा तुमचा पाया. हा सगळ्याला लागू हाय, का एकट्या अंगदला?"

"सगळ्याला," आप्पा म्हणाले. चारचौघांत दुसरं काय म्हणणार? "माझ्याकडं कायदा सगळ्याला सारखा."

"मंग पयला हात कुराडीचा उठला. तो सुग्रीवचा."

सुग्रीवचं हसणं थांबलं. "मला प्रविणदादानं सांगितलं, म्हनून."

"ते एक्स्क्यूज झालं, बाळा," हनुमान शांतपणे म्हणाला, तालमीत पायाची जागा सांगावी तसा. "तेबी थोडंच. मग सांगनाऱ्याचा हात आधी. आन् प्रविणदादाला, मेंढरांची वाट नांगर म्हनून कुनी सांगितलं?"

पकड लागली की अंग आपोआप पुढं जातं. तो पुढं जात राहिला आणि तिथं पोचल्यावरच त्याला दिसलं की कुठं पोचलो. ओसरीवरची सगळी माणसं आप्पांच्या हाताकडं बघत होती. आप्पांनी बशी खाली ठेवली.

मग आप्पा मोठ्यानं हसले. "हारलो बाबा. पैलवानानं चितपट केलं. धुळाजी, ने पोराला. मेंढरं लांबनं काढत जा."

धुळाजीनं आप्पांचे पाय धरले, हनुमानचेही धरायला वाकला, पण हनुमाननं त्याला वरच्यावर उचललं. बाप-लेक जवळजवळ धावतच फाटकाबाहेर गेले. बाहेरून अंजनाचा आवाज आला. ती पोराचे दोन्ही हात चाचपत होती आणि रडता रडता त्याला शिव्या देत होती.

जत्रेत कुस्ती निकाली झाली की पंच विजेत्याचा हात वर करतो. हरलेला त्याच्या गळ्यात पडतो, दोघं एकमेकांच्या अंगावरची माती झटकतात. मग कुणाच्या मनात काही राहत नाही. राहिलं तरी ते पुढच्या जत्रेसाठी राहतं. हनुमानला वाद घालणं याच रीतीनं कळलं होतं, शब्दही त्यानं डाव म्हणूनच शिकले होते. तो पुढं झाला आणि त्यानं आप्पांसमोर उजवा हात केला.

आप्पांनी तो दोन्ही हातांत घेतला. प्रेमानं उलटासुलटा करून पाहिला. "केवढा हात हाय बे तुझा," ते म्हणाले. आणि हात न सोडता, "सुग्रीव."

ते या वेळी उठून आत गेले नाहीत.

तिघांनी धरलं. एरवी हनुमाननं तिघांना फेकलं असतं, पण एकानं पहिल्यांदा डावा खांदाच मागं ओढला आणि तो जुन्या जागी निखळला. सुग्रीवनं त्याचा उजवा हात ओट्याच्या सिमेंटच्या कडेवर आडवा ठेवला. "माफ करा, उस्ताद," असं तो पुटपुटला आणि सगळं वजन टाकून वर उडी घेतली. कोपराखालची दोन्ही हाडं गेली. एक कातडी फाडून बाहेर आलं, पांढरंशुभ्र. हनुमानच्या घशातून निघालेला आवाज ऐकून कोंबड्या पांगल्या. "बोटं," आप्पा म्हणाले. सुग्रीव थांबला. "बोटं, म्हनलं ना." मग कुऱ्हाडीची तुंबी, पात्यामागची बोथट बाजू, बोटांवर आली, एकदा, पुन्हा एकदा, आणि तो काळ्या नखाचा अंगठाही त्यात गेला.

सायली जिन्यावरून किंचाळत खाली आली. आप्पांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आत जा. अंबाजोगाईला जायचंय ना तुला? दुसरा कोनी सोडंल."

ती गेली नाही. ओट्याशी बसून तिनं आपल्या ओढणीनं तो हात गुंडाळला. त्यानंतर बरेच दिवस तिला कुणी वस्तीवर पाहिलं नाही. आजोळी पाठवली असं लोक म्हणत.

बीडच्या हाडांच्या दवाखान्यात हनुमानला सुग्रीवनंच नेलं. जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेतलं, रस्त्यात त्याला पाणी पाजलं, आणि ऑपरेशननंतर खाटेशी बसून राहिला. तिथल्या रीतीला ते धरूनच होतं. मोडायचं, मग दवाखान्याला आपणच न्यायचं, म्हणजे बाकीचं बोलणं आपल्यासमोर होतं. तो पिशवीभर मोसंब्या घेऊन आला होता आणि चाकूनं एकेक सोलून फोडी हनुमानच्या तोंडात घालत होता.

"गाडीवरनं पडलो म्हना, उस्ताद," तो कानाशी म्हणाला. "आप्पा म्हनले, घर चालवू. वहिनीला काय कमी पडनार न्हाई. न्हाई म्हनलात तर..." त्यानं पुढचं सांगितलं नाही, पुढची फोड सोलली.

वनमाला पायथ्याशी स्टुलावर बसली होती. आल्यापासून ती नवऱ्याशी एकदाच बोलली होती.

"कावून बोललात तुमी? कुनी सांगितलं होतं?"

"अंगदचा हात वाचला."

"आन् आपलं पोट?"

तिचं तेवढं खरं होतं आणि त्यानं ते मान्य करून मान खाली घातली.

असं हाड मोडलं की दवाखान्यातून पोलिसांना कळवतात. दुपारी हवालदार आले. वयस्कर, दमलेले. त्यांनी सुग्रीवला ओळखलं, मोसंब्याही पाहिल्या, आणि खाटेजवळ उभं राहून विचारलं, "काय पैलवान, गाडी घसरली म्हणं?"

हनुमानचे दोन्ही हात बांधलेले होते, एक प्लास्टरमध्ये, एक झोळीत. अंगावर बसलेली माशीही त्याला हाकलता येत नव्हती. त्यानं दाराकडं पाहिलं. व्हरांड्यात आप्पांची आणखी दोन माणसं बिडी ओढत होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तर सगळे घरी गेले असते.

"घसरली न्हाई," तो म्हणाला. "मोडला."

"कुणी?"

"हात सुग्रीवचे. सांगनं आप्पांचं."

सुग्रीवचा चाकू मोसंबीत अर्धवट थांबला. हवालदारांनी पेन कानामागं खोचलं. "औषधाची गुंगी असंल तुला. मी जरा वेळानं पुन्हा येतो. नीट आठवून ठेव."

"नीटच आठवतंय. आप्पांसमोर, त्यांच्या ओट्यावर. आमी वाद घालत होतो, आप्पा आन् मी. सगळी वस्ती होती तिथं. इचारा."

"वस्ती बोलंल का?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. मी बोललो."

सुग्रीव उठून उभा राहिला. चाकू हातातच होता, त्याच्यावरून रस गळत होता. "उस्ताद," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग होता की विनवणी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. व्हरांड्यातल्या दोघांनी बिड्या टाकल्या आणि आत डोकावले.

वनमालानं बसल्या जागचं स्टूल उचललं. ते घेऊन ती खाटेला वळसा घालून आली आणि सुग्रीव आणि नवऱ्याच्या मधे ठेवलं. चाकूकडं तिनं पाहिलं नाही. पदर खोचून ती त्यावर बसली, खाटेकडं पाठ करून, तोंड सुग्रीवकडं.

"लिवा की, साहेब," ती हवालदारांना म्हणाली. "उभं कावून राहिलात? ह्यानला पुन्हा पुन्हा बोलायला त्रास होतोय."